नागपुरात दिवे वाढले, मग रात्रीचा फोटो पांढरट का येतो?

इन्स्टाग्रामवर नागपूरचं लोकेशन टाकून रात्रीचे फोटो बघितले की त्याच त्या चार-पाच जागा पुन्हा पुन्हा समोर येतात. फुटाळ्याचा काठ, रामझुल्याच्या उजळलेल्या केबल, वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल, झिरो माइल फ्रीडम पार्कचं मेट्रो स्टेशन आणि दीक्षाभूमीचा पांढराशुभ्र घुमट. मांडणीही ठरलेली. पुढे चेहरा, मागे विरघळल्यासारखे दिसणारे दिव्यांचे गोल. वाढदिवस असो, प्री-वेडिंग असो की एमपीएससीचा निकाल, शहराचे दिवे पाठीशी हवेतच.

दहा वर्षांपूर्वी असा फोटो काढायचा तर डीएसएलआरवाला मित्र गाठावा लागायचा. आता पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्येही नाइट मोड असतो. तरी बरेच फोटो फसतात. चेहरा राखट, आकाश मळकट आणि मागच्या दिव्यांच्या जागी पांढरे फटक डाग. मग आपण फोनला नावं ठेवतो. फोनचा दोष असतोही, पण तो अर्धाच. उरलेला अर्धा दोष शहराच्या दिव्यांचा आहे. असा फोटो जमायला प्रकाशाइतकाच अंधार लागतो आणि शहरात नेमका तोच कमी होत चाललाय. फुटाळ्यावरच्या रोषणाईचं आणि बांधकामांचं प्रकरण तर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्यामुळे हा विषय फक्त लाइक्सचा राहिलेला नाही.

फोन रात्री नेमकं काय करतो?

कॅमेऱ्याचं काम प्रकाश गोळा करणं. फोनचा सेन्सर बोटाच्या नखाएवढा, त्यामुळे रात्री त्याच्या वाट्याला प्रकाश थोडाच येतो. पूर्वी यावर दोन उपाय होते. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं किंवा आयएसओ वाढवायचा. पहिल्यात हात जरा हलला की चेहरा पुसट, दुसऱ्यात फोटोभर दाणे.

नाइट मोडने तिसरी वाट काढली. एकच लांब फोटो घेण्याऐवजी फोन भराभर अनेक छोटे फोटो घेतो, ते एकावर एक नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडलेले असतात म्हणून सरासरीत ते पुसले जातात. चेहरा सगळ्या फोटोंत एकाच जागी असतो म्हणून तो टिकतो. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये गुगलने पिक्सेल फोनवर ‘नाइट साइट’ आणलं, 2019 मध्ये ॲपलने आयफोन 11 मध्ये नाइट मोड दिला आणि पुढे ही सोय स्वस्त फोनपर्यंत झिरपली. स्क्रीनवर ‘फोन हलवू नका’ अशी सूचना येते, तेव्हा हेच काम चाललेलं असतं. त्या दोन-तीन सेकंदांत समोरच्याने मान वळवली की नाक दोन जागी दिसतं.

अडचण दुसरीकडेच आहे. रात्र रात्रीसारखी दिसावी की दिवसासारखी, हे फोनमधलं सॉफ्टवेअर ठरवतं आणि बहुतेक कंपन्यांचा कल दिवसाकडे असतो. सगळं उजळ दिसलं की गिऱ्हाईक खूश. त्या नादात काळं आकाश करडं होतं आणि गव्हाळ-सावळा चेहरा नको तितका गोरा होतो. आपल्याकडे गोरेपणाचं वेड आधीच कमी नाही, त्यात फोनने न विचारता लावलेली ही पावडर. उपाय साधा आहे. स्क्रीनवर चेहऱ्याला टॅप करायचं, शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसली की बोट खाली ओढायचं आणि उजेड कमी करायचा. फोटो थोडा काळोखा वाटला तरी चालेल. काळोख्या फोटोतला चेहरा नंतर उजळवता येतो. पांढरा फटक झालेला दिवा मात्र परत रंगात येत नाही, कारण तिथे फोनने रंगाची माहितीच नोंदवलेली नसते.

दिव्यांचे गोल कुठून येतात?

मागच्या दिव्यांचे जे मऊ गोल दिसतात त्याला ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी आहे. फोकस जवळच्या चेहऱ्यावर असला की लांबचा दिवा ठिपका न राहता पसरतो, त्याचा तो गोल. हा गोल किती मोठा येणार, याचं गणित फारसं कुणी सांगत नाही, पण ते मजेशीर आहे. दिवा खूप लांब असेल तर त्याचा गोल चेहऱ्याशेजारी लेन्सच्या तोंडाएवढाच दिसतो. 50 एमएमच्या साध्या एफ/1.8 लेन्सचं तोंड सुमारे 28 मिलिमीटर. म्हणजे त्या फोटोत गालाशेजारचा प्रत्येक गोल दहा रुपयांच्या नाण्याएवढा. फोनच्या मुख्य लेन्सचं तोंड जेमतेम चार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गोल साबुदाण्याएवढा.

साबुदाण्याचं नाणं करायचं काम पोर्ट्रेट मोड करतो. चेहरा कुठे संपतो आणि मागचं दृश्य कुठे सुरू होतं याचा फोन अंदाज घेतो, मधून कापतो आणि मागचं सगळं सॉफ्टवेअरने धूसर करतो. म्हणून भुरभुरणारे केस, झुमके आणि ओढणीची कड अशा ठिकाणी गडबड होते. दिवसा ही कड बऱ्यापैकी जमते, रात्री कापायला पुरेसा तपशीलच नसतो. मागचा दिवा आधीच पांढरा फटक झाला असेल तर त्याचा चमकदार गोल होतच नाही, नुसता दुधाळ डाग उरतो.

आणखी एक गोष्ट. दोन गोलांच्या मध्ये काळी जागा नसेल तर ते एकमेकांत मिसळून पांढरट भिंत तयार होते. फुटाळ्याला चांगले फोटो येतात ते याचमुळे. समोरचा काठ लांब आहे आणि मधे पाणी आहे. दिवे लांबवर, सुटे सुटे आणि पाण्यात त्यांचं लांबट प्रतिबिंब. फुटाळ्याचं खरं भांडवल दिवे नाहीत, मधलं काळं पाणी आहे.

सोडियम गेला, एलईडी आला

नागपूरच्या जुन्या रात्री पिवळ्या-नारिंगी होत्या. सोडियमच्या दिव्यांत बाकीचे रंग जवळपास नसतातच, त्यामुळे लाल साडी तपकिरी दिसायची आणि चेहरा काविळीसारखा. 2015 च्या जानेवारीत केंद्र सरकारने रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातून देशभर 1.3 कोटींपेक्षा जास्त एलईडी दिवे लागले. नागपूर महापालिकेनेही शहरातले दिवे एलईडीवर नेले. वीज वाचली, चेहऱ्याचे रंग खरे दिसू लागले. फोटो काढणाऱ्यांच्या दृष्टीने एवढा भाग चांगलाच झाला.

पण पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं तेही त्यामुळेच. दिव्याचं तोंड नीट खाली नसेल तर हा प्रकाश वर जातो, धुळीवर आपटतो आणि शहरावर एक फिकट छत तयार होतं. फोटोत आकाश काळं न येता मळक्या दुधासारखं येतं ते याच छतामुळे. नाइट मोड तर ते आणखी उजळवतो.

स्वस्त एलईडीचं दुसरं दुखणं लुकलुकण्याचं. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. रील काढताना पडद्यावर काळे पट्टे सरकत गेले तर फोन बिघडला असं समजू नका. व्हिडिओच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे बहुधा जातात.

आणि तिसरं म्हणजे रोषणाई. 2023 च्या मार्चमध्ये जी-20 अंतर्गत सी-20 ची बैठक नागपुरात झाली तेव्हा रस्ते सजले, भिंती रंगल्या, दिवे लागले. पाहुणे गेले तरी शहरांना रोषणाईची चटक लागते ती लागतेच. पुलाला रंगीत पट्टी, दुभाजकाला माळ, झाडाच्या खोडाला गुंडाळलेले दिवे. हे सगळं ‘सेल्फी पॉइंट’ म्हणून खपवलं जातं. गंमत अशी की रंग बदलणाऱ्या दिव्यांसमोर चेहऱ्याचा रंग कधी नीट येत नाही. एका फोटोत माणूस जांभळा, पुढच्यात हिरवा. झाडांवरच्या माळांचा मुद्दा तर 2024 मध्ये जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला आणि मुंबई महापालिकेला झाडांवरचे दिवे उतरवायला घ्यावे लागले.

हे फक्त नागपूरचं दुखणं नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही. 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने लोकांनी मोजलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून सांगितलं की 2011 ते 2022 या काळात रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत गेलं. आवाजासाठी आपल्याकडे 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर डीजे वाजला तर पोलिसांना फोन करता येतो. खिडकीतून डोळ्यांवर येणाऱ्या फ्लडलाइटसाठी तसा वेगळा केंद्रीय कायदा नाही.

फुटाळ्यावर नक्की काय वाद झाला?

फुटाळा किंवा तेलंगखेडी तलाव भोसल्यांच्या काळातला. त्यावर संगीत कारंज्याचा मोठा प्रकल्प आला आणि 2022 मध्ये त्याचे चाचणी प्रयोग झाले. निवेदनाला अमिताभ बच्चन, गुलजार, नाना पाटेकर असे आवाज. काठावर प्रेक्षक गॅलरी, शिवाय तरंगतं रेस्टॉरंट आणि चक्क एक कृत्रिम वडाचं झाड, अशी कामं त्यात होती. नागपुरात वडाच्या झाडांचा दुष्काळ पडला होता असं नाही, तरी.

‘स्वच्छ असोसिएशन’ या नागपूरच्या संस्थेने याविरोधात न्यायालयात धाव घेतली. म्हणणं असं की फुटाळा ही पाणथळ जागा आहे, म्हणून 2017 चे पाणथळ जागांचे नियम लागू होतात आणि तिथे अशी बांधकामं करता येणार नाहीत. नागपूर खंडपीठाने हे मान्य केलं नाही, मात्र तलावात कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये याची काळजी घ्या, असं प्रशासनाला बजावलं. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं.

7 ऑक्टोबर 2025 रोजी निकाल आला. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, जे स्वतः विदर्भातले. कोर्टाने सांगितलं की 2017 च्या नियमांमधल्या व्याख्येत सिंचन, पिण्याचं पाणी, मनोरंजन अशा कामांसाठी माणसाने बांधलेले तलाव येत नाहीत. फुटाळा मानवनिर्मित आहे, म्हणून तो त्या नियमांखालची पाणथळ जागा नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

बातम्या बहुतेक इथेच संपल्या. पण निकालातला जास्त महत्त्वाचा भाग पुढे आहे. सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व, म्हणजे नैसर्गिक संपत्ती सरकारच्या मालकीची नसते, सरकार लोकांच्या वतीने ती फक्त सांभाळतं, हे तत्त्व माणसाने बांधलेल्या तलावांनाही लागू होतं, असं कोर्टाने म्हटलं. फुटाळा कायद्याच्या व्याख्येत बसत नसला तरी तो सांभाळण्याची जबाबदारी सुटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा फोटोशी काय संबंध? संबंध हा की तलावाला पाणी, काठ, मासे, पक्षी यांच्यासारखीच रात्रही असते. खटला बांधकामांवर लढला गेला, अंधारावर नाही. पण काठावर दिवे किती, कोणत्या रंगाचे, रात्री किती वाजेपर्यंत, हे ठरवणारी यंत्रणा तीच विश्वस्त आहे. पाण्यावर थेट फ्लडलाइट पडला की काळं पाणी करडं होतं, प्रतिबिंब फिकं पडतं. पक्ष्यांची झोप मोडते ती वेगळीच. ज्या दृश्यासाठी गर्दी जमते तेच दृश्य त्या गर्दीसाठी लावलेल्या दिव्यांनी पुसलं जातं.

दोन तासांवर उलटा प्रयोग

याच जिल्ह्यात नेमकं विरुद्ध काम झालंय. 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातलं हे पहिलं, आशियातलं पाचवं. त्याआधी 2022 मध्ये लडाखमधल्या हान्लेला गडद आकाशाचं संरक्षित क्षेत्र जाहीर झालं होतं.

पेंचमध्ये जंगल तर आधीच अंधारात होतं, त्यामुळे बदल गावांत करावे लागले. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांमधले शंभराहून अधिक दिवे बदलले आणि त्यांचा प्रकाश फक्त खाली जमिनीवर पडेल असं केलं. गावं अंधारात ढकलली नाहीत. रस्त्यावर चालायला उजेड आहे, आकाशात वाया जाणारा प्रकाश तेवढा अडवला. नागपूरहून दोन तासांच्या आत गाडीने पोहोचता येतं आणि तिथे मागच्या दिव्यांऐवजी मागे तारे घेऊन फोटो काढता येतो.

शहरात हेच जमेल का, असं विचारलं की लगेच सुरक्षिततेचा मुद्दा येतो आणि तो रास्त आहे. रात्री नऊ वाजता क्लासहून घरी जाणाऱ्या मुलीला अंधार रोमँटिक वाटत नाही. ‘दिवे कमी करा’ असं सरसकट म्हणणं हे ज्याला रात्रीची भीती वाटत नाही त्याचं बोलणं झालं. पण झगझगाट म्हणजे सुरक्षितता नव्हे. डोळ्यांवर थेट येणाऱ्या दिव्यामुळे बुबुळं आकसतात आणि शेजारच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. पायवाटेवर खाली सारखा पसरलेला, उबदार रंगाचा, टोपी असलेला दिवा जास्त उपयोगाचा. झाडाच्या खोडाला गुंडाळलेल्या जांभळ्या माळेने कुणाची वाट सुरक्षित झाल्याचं ऐकिवात नाही. फुटाळ्याच्या कारंज्याला जेवढी चर्चा मिळाली तेवढी गल्लीतल्या बंद खांबाला मिळाली असती तर बरं झालं असतं.

मग आज रात्री फोटो कुठे आणि कसा काढायचा?

पहिली गोष्ट जागेची. रामझुला आणि डबल डेकर पूल फोटोत भारी दिसतात, पण ते वाहता रस्ता आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत मध्यरात्रीनंतर रामझुल्यावर भरधाव मर्सिडीजच्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुणांचा जीव गेला. ते फोटो काढत नव्हते, नुसते जात होते. तिथे दुभाजकावर उभं राहून पोझ देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पुलावर चढण्यापेक्षा पूल मागे लांब दिसेल अशा फुटपाथवर थांबलेलं बरं. गोल तसेही लांबूनच चांगले येतात.

वर्धा रोडचा 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल 2022 मध्ये गिनीज बुकात गेला. नंतर कामठी रोडवरच्या 5.6 किलोमीटरच्या पुलाने तो विक्रम मोडला. वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली रस्ता असे दिव्यांचे तीन थर एका फ्रेममध्ये मिळतात. मेट्रोच्या डब्यात शूट हवं असेल तर चोरून काढायची गरज नाही. महामेट्रोने वाढदिवस आणि प्री-वेडिंगसाठी डबे भाड्याने देण्याची ‘सेलिब्रेशन ऑन व्हील्स’ योजना आणली होती, स्टेशनवर चौकशी करून बघा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिकडे कॅमेरा रोखू नका. आणि वर्धा रोडवर ड्रोन उडवायचा विचार असेल तर विमानतळ शेजारीच आहे. आधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा पाहा.

दीक्षाभूमीला फोनची वेगळीच फजिती होते. पांढरा घुमट उजळलेला असतो, फोन तो पाहून सगळा फोटो गडद करतो आणि माणूस काळा पडतो. अशा वेळी चेहऱ्याला टॅप करून उजेड थोडा वाढवायचा किंवा घुमट फ्रेमच्या कडेला घ्यायचा. लोक तिथे वंदनेला येतात, एवढं भान ठेवून फ्लॅश बंद असलेला बरा.

फ्लॅश तसाही कुठेच नको. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो, म्हणून फ्लॅशने चेहरा पांढरा पडतो आणि मागचं शहर गायब होतं. त्यापेक्षा काठावरच्या कुल्फीच्या किंवा भुट्ट्याच्या गाडीचा दिवा घ्या. माणसाला त्या दिव्यापासून चार-पाच फुटांवर, जरा तिरकं उभं करा. दुसऱ्या मित्राच्या फोनचा पांढरा स्क्रीनही चालतो. फोन माणसापासून दोन-तीन फुटांवर, दिवे माणसापासून जितके लांब तितकं चांगलं. मागे अनोळखी लोकांचे चेहरे स्पष्ट येत असतील तर कोन बदला, विशेषतः लहान मुलं असतील तर.

आणि वेळ. सगळे रात्री नऊला जातात, तेव्हा खरी मजा संपलेली असते. सूर्य मावळल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटं आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि दोघांचा उजेड जुळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमाराला. ही वेळ चुकली तर पुढे आकाशाकडून फार अपेक्षा ठेवू नका. फोन जरा खाली झुकवा, फ्रेममध्ये आकाश कमी आणि पाणी जास्त घ्या.